रडारच्या डोक्यावर पाऊस पडतो तेव्हा

जुलैतल्या एका दुपारी माझ्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकात अर्ध्या तासात 31 मिलिमीटर पाणी जमले, आणि त्याच वेळी मोबाइलवरच्या रडारच्या नकाशात आमच्या भागावर हलका पाऊस दाखवणारा फिकट हिरवा रंग दिसत होता. नकाशा जुना असावा असे आधी वाटले, पण त्यावरची वेळ ताजी होती. मग लक्षात आले की रंग आमच्याच भागावर नव्हे, तर साऱ्या नकाशावर एकदम उतरला होता, आणि नकाशाच्या मध्यावर, म्हणजे रडार उभे आहे तिथेच, मोठी सर कोसळत होती. वीसेक मिनिटांनी ती सर पुढे सरकली, तेव्हा दूरचे ढग पुन्हा पिवळे-लाल दिसू लागले.

ऊन, वारा आणि पावसापासून अँटेनाचा बचाव व्हावा म्हणून रडारवर फायबरग्लासचा घुमट बसवलेला असतो; त्याला रेडोम म्हणतात. रडार सूक्ष्मलहरी सोडते आणि पावसाच्या थेंबांवरून परतलेल्या लहरी टिपते; कोरडा असताना घुमट या लहरींना फारसा अडवत नाही. भिजल्यावर मात्र त्यावर पाण्याचा पापुद्रा धरतो, आणि पाणी या लहरींचा काही भाग शोषून घेते, तर काही भाग परतवते. लहर जाताना आणि येताना अशी दोनदा या पापुद्र्यातून जाते, त्यामुळे तूटही दोनदा सोसावी लागते.

हा पापुद्रा किती जाड असतो, याचा हिशेब मला विलक्षण वाटतो. तीन मीटर त्रिज्येच्या गुळगुळीत घुमटावर ताशी 50 मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर पाणी सतत ओघळत असूनही सुमारे 0.2 मिलिमीटरचा थर टिकून राहतो. थराची जाडी पावसाच्या वेगाच्या घनमुळाप्रमाणे वाढते. म्हणजे थर दुप्पट व्हायला पाऊस आठपट व्हावा लागतो. म्हणूनच साध्या सरीनेही बरेच नुकसान होऊन जाते आणि पुढच्या मुसळधार पावसाने त्यात तुलनेने थोडीच भर पडते.

परतलेल्या लहरीची ताकद पावसात रूपांतरित करण्यासाठी 1948 सालचे मार्शल आणि पामर यांचे सूत्र आजही वापरले जाते. त्यानुसार जाऊन-येऊन तीन डेसिबलची तूट झाली, म्हणजे ताकद निम्मी झाली, तर ताशी 40 मिलिमीटरचा पाऊस 26 मिलिमीटर भासतो. वाटेतल्या पावसाने होणारी तूट अंतराबरोबर वाढत जाते. घुमटावरची तूट मात्र त्या दिशेच्या पहिल्या किलोमीटरपासून शेवटच्या किलोमीटरपर्यंत सारखीच लागू होते. शिवाय वाऱ्याच्या तोंडाशी असलेली बाजू अधिक भिजते, त्यामुळे एकच आकडा मिळवून सारा नकाशा दुरुस्त करता येत नाही.

लहर जितकी आखूड, तितका हा त्रास जास्त. मुंबईतल्या कुलाब्याचे एस-बँड रडार सुमारे दहा सेंटिमीटरच्या लहरीवर चालते आणि वेरावलीचे सी-बँड सुमारे पाच सेंटिमीटरच्या. शहरांसाठी सोयीची असलेली छोटी एक्स-बँड रडारे तीन सेंटिमीटरच्या आसपास काम करतात, आणि ओल्या घुमटाचा फटका त्यांनाच सर्वाधिक बसतो.

यावर पहिला उपाय म्हणजे घुमटाला पाणी न धरणारा लेप देणे. अळवाच्या पानावर पाणी पसरत नाही, त्याचे मोती होऊन ते घरंगळते. तसेच इथे व्हावे अशी अपेक्षा असते, कारण सुटे थेंब सलग पापुद्र्यापेक्षा लहरींना खूपच कमी अडवतात. पण ऊन आणि धूळ यांनी लेप झिजतो, त्यामुळे तो वेळच्या वेळी नवा करावा लागतो. दुसरा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो. द्विध्रुवित रडार आडवी आणि उभी अशा दोन्ही प्रकारच्या लहरी सोडते. मोठे थेंब पडताना चपटे होत असल्याने पावसातून जाताना आडवी लहर उभीपेक्षा किंचित मागे पडते, आणि हे मागे पडणे प्रत्येक किलोमीटरमागे किती वाढले यावरून जोरदार पावसाचा अंदाज बांधता येतो. लहर क्षीण झाली तरी, ती मोजता येण्याइतकी उरली असेल तोवर, हा फरक पुसला जात नाही. हलक्या पावसात मात्र तो इतका कमी असतो की मोजमापातल्या गोंगाटात हरवतो, आणि तिथे पुन्हा ताकदीवरच विसंबावे लागते.

म्हणून रडारशेजारच्या पर्जन्यमापकाची नोंद नकाशाच्या कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी छापली जावी, असे मला मनापासून वाटते. ती दिसत नाही तोवर मी नकाशा उघडल्यावर आधी त्याचा मध्य पाहतो, आणि तिथे सर असेल तर कडेच्या फिकट हिरव्यावर विसंबून घराबाहेर पडत नाही.