मो-हो-ला-चाहून आलेल्या बाई

२९ सप्टेंबर २०२४, रविवार, झेंगझौ

आज रविवार, आणि आज शाळा होती. इथल्या, म्हणजे चीनमधल्या, राष्ट्रीय सुट्टीचं गणित मला, गणिताच्या बाईला, दोन वर्षांनंतरही पचलेलं नाही. १ ते ७ ऑक्टोबर सुट्टी खरी, पण तिच्यातले दोन दिवस आजूबाजूच्या शनिवार-रविवारी काम करून फेडायचे. पहिला हप्ता आज. दुसरा १२ तारखेला, म्हणजे नेमका दसऱ्याला!

मुलांचंही मन नव्हतं. घरचा अभ्यास तपासला तर एकतीस वह्यांमध्ये तिसऱ्या गणितात उणे चिन्हाची तीच चूक, त्याच ओळीत. एका वहीवरून तीस वह्या. मी काही बोलले नाही. वह्यांवर फक्त तारीख घातली.

२ ऑक्टोबर, बुधवार, शीआन

तिकिटं पंधरा दिवस आधी खुली होतात आणि या आठवड्याची बघता बघता संपतात. मला सकाळी सहा पन्नासची गाडी मिळाली. झेंगझौ ते शीआन पाचशे किलोमीटरच्या आसपास, वेगवान गाडीला दोन-सव्वादोन तास. औरंगाबादहून मुंबईला जाताना एवढ्या वेळात मी जेमतेम मनमाडला पोचलेली असते.

दुपारी किल्ल्याच्या भिंतीवर गेले. शहराभोवती जवळपास चौदा किलोमीटरचा अखंड चौकोन, मिंग राजांनी चौदाव्या शतकात बांधलेला. बारा मीटर उंच आणि वर एवढा रुंद, की लोक सायकली चालवतात. सायकलींसाठीची रांग बघितली आणि पायी निघाले. चिनीत म्हण आहे, ‘रन शान रन हाय’: माणसांचे डोंगर, माणसांचा समुद्र. मला पंढरपूर आठवलं. फक्त इथे टाळांच्या जागी मोबाईल होते, आणि अर्ध्या मुली भाड्याने घेतलेल्या थांग राजवटीच्या काळच्या रेशमी पोशाखात, केसांत फुलं खोचून.

दर पन्नास पावलांवर कुणीतरी माझ्याकडे टक लावून बघत होतं. एक पोरगं आजीचा हात ओढून ओरडलं, “वाइगुओरन!” परदेशी माणूस. आजी कानकोंडी झाली आणि तरी तिने फोटो मागितलाच. मग नेहमीचा प्रश्न, कुठली? “यिन्दू,” मी म्हटलं. “आँ, यिन्दू!” आणि मान डोलावून हसणं.

पाय बोलायला लागल्यावर दक्षिण दरवाज्याशी उतरले. ल्यांगपी खाल्ली: थंड, चापट शेवया, काकडी, व्हिनेगर, वर लाल तिखट तेल. “वो चर सू,” मी शाकाहारी, हे वाक्य मी आता झोपेतही म्हणू शकते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज घटस्थापना. सकाळी आईचा फोन, “परडीत माती घातली, तू जेवलीस का?” तिला म्हटलं, आज मी ह्युएन त्संगकडे चाललेय. “तो कोण?” मग तिलाच आठवलं. “अगं, तो शाळेतला चिनी प्रवासी?”

तोच. आमच्या पुस्तकात ह्युएन त्संग, माझ्या भाचीच्या पुस्तकात युआन श्वांग, आणि इथले लोक म्हणतात श्वान-त्सांग. मोठ्या रानहंस मनोऱ्यासमोरच्या चौकात त्याचा पुतळा आहे, हातात दंड, अंगावर भिक्खूची वस्त्रं. बादशहाची परवानगी नसताना हा बाबा लपतछपत देशाबाहेर पडला होता. ६४५ साली इथे, म्हणजे तेव्हाच्या छांगआनला, परतला तो वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून. ती पोथ्या-मूर्तींची संपत्ती सुरक्षित राहावी म्हणून ६५२ साली हा विटांचा मनोरा उभा राहिला. नंतर पडझड झाली, डागडुजी झाली. आज सात मजले आहेत आणि उंची साधारण चौसष्ट मीटर. किंचित कललेलाही आहे. नावातला रानहंस मात्र मगधातल्या गोष्टीतला. भिक्खूंना मांस हवं होतं, तेवढ्यात आकाशातून एक हंस त्यांच्यापुढे मरून पडला. ते खजील झाले आणि त्यांनी त्यावर स्तूप बांधला. ही गोष्टही त्यानेच लिहून आणलेली.

लाकडी जिना अरुंद. वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांच्या पोटांना पोट लावून. सातव्या मजल्यावरच्या खिडकीशी मला मोजून अर्धं मिनिट मिळालं. सरळ दक्षिणेला जाणारा रस्ता दिसला आणि मागून कुणाची तरी पिशवी पाठीत टोचली.

खाली अंगणात एका दगडी पायरीवर बसून फोनवर उतरवून आणलेलं त्याचं प्रवासवर्णन उघडलं. ‘मो-हो-ला-चा’ हे प्रकरण. महाराष्ट्र! चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचं राज्य. राजधानी वातापी, म्हणजे आजच्या कर्नाटकातली बदामी, पण या माणसाने देशाला नाव लावलं ते आपलं. तो लिहितो: माणसं उंच, मानी, साधी. उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा झाला तर शत्रूला आधी कळवतात, मग दोघंही शस्त्रं घेऊन भिडतात. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, शरण आलेल्याला मारत नाहीत. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकांचे कपडे पाठवतात. (हे मला मुळीच आवडलं नाही. तेव्हाही बायकांचे कपडे म्हणजे शिक्षाच!) लढाईआधी सैनिक दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात. हर्षवर्धनालाही हे लोक नमले नाहीत. आणि मधेच एक छोटं वाक्य, की इथल्या लोकांना विद्येची आवड आहे. बाईंनी ते दोनदा वाचलं.

पुढे त्याने पूर्वेकडच्या डोंगरातला विहार सांगितलाय. कड्यात खोदलेली दालनं, आणि दाराबाहेर डावी-उजवीकडे एकेक दगडी हत्ती. नाव नाही, पण अभ्यासक ती जागा म्हणजे अजिंठा मानतात. सोळा नंबरच्या लेण्याच्या पायऱ्यांशी दोन हत्ती आहेत. सहावीच्या सहलीत त्यांतल्या एकाच्या सोंडेवर हात ठेवून मी फोटो काढला होता, आणि पहारेकऱ्याने हाकललं होतं.

कालपासून वाटत होतं की मी बघायला आलेय आणि उलट हेच सगळे मला बघतायत. पण यांच्यातला एक जण चौदाशे वर्षांपूर्वी आमच्याकडे येऊन, आम्हाला नीट बघून, लिहूनसुद्धा गेला होता. तेव्हा वाइगुओरन तो होता. त्याच्याकडेही पोरांनी बोटं दाखवली असणार.

अजून एक सापडलं. भारताला आधी चिनीत थ्येन-चू, शेन-तू असली नावं होती. योग्य नाव ‘यिन्दू’, असा निवाडा यानेच दिला, आणि अर्थ दिला चंद्र. इंदू! काल त्या आजीला मी जे उत्तर दिलं ते याच्याच वहीतलं.

रात्री साडेअकरा. आपलं सिम रोमिंगवर टाकलं की इथे व्हॉट्सॲप चालतं. उघडलं तर नातेवाइकांच्या गटात फटाके. केंद्रीय मंत्रिमंडळाने आज मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली आणि प्राकृतलाही. काकांनी लिहिलंय, “तू तिकडे एकटीच पेढे खा.” खोलीत पेढे नाहीत. दुपारी घेतलेला खजूर घातलेल्या चिकट भाताचा तुकडा होता, तो खाल्ला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मातीचं सैन्य, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले मातीचे सैनिक. लिनतोंगला, शहराच्या पूर्वेला तासाभरावर. पहिल्या खड्ड्यावरचं छप्पर म्हणजे रेल्वे स्टेशनचा पसारा, आणि आजची गर्दीही तशीच. पहिली वीस मिनिटं मला सैनिक फक्त पुढच्या माणसाच्या मोबाईलच्या पडद्यावर दिसले. मग कठड्याशी फट मिळाली.

१९७४ साली दुष्काळात शेतकरी विहीर खणत होते, तेव्हा हे लागलं. आपल्याकडे विहीर खणताना खडक लागतो. मूळ पुतळे रंगवलेले होते. पण बाहेरच्या कोरड्या हवेत मातीवरचं लाखेचं अस्तर काही मिनिटांत आक्रसतं आणि रंग सोलून निघतो. सम्राटाची मुख्य कबर अजून उघडलेली नाही, ते बरंच आहे.

मला आवडला तो गुडघा टेकलेला धनुर्धारी. त्याच्या उचललेल्या जोड्याच्या तळव्यावर टाके कोरलेत, टाचेला आणि चवड्याला दाट, मध्ये विरळ. जमिनीत पुरायच्या पुतळ्याचा तळवा! करणाऱ्याला कोण बघणार होतं?

बाहेर डाळिंबांचे ढीग. लिनतोंग डाळिंबांसाठी प्रसिद्ध आहे. विकणारीने फोडून दिलं, मी खाल्लं, आणि सोलापूरचं गोड असतं हे तिला सांगायचं टाळलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

मुसलमान मोहल्ल्यात मटणाच्या धुरातून वाट काढत जुन्या मशिदीत गेले. घुमट नाही, मिनार नाही. चिनी कौलारू छपरं, एकामागे एक अंगणं, आणि लाकडावर अरबी अक्षरं. बाहेर एवढा कालवा असताना आत चिमण्या ऐकू येत होत्या. अर्धा तास बसले. संध्याकाळची गाडी, उभ्याने तिकीट. पाय गेले.

८ ऑक्टोबर, मंगळवार, झेंगझौ

पहिला तास. “लाओश, काय पाहिलंत?” लाओश म्हणजे बाई, शिक्षक. मी फळ्यावर मो-हो-ला-चा ही चार अक्षरं काढली. तिसऱ्यात माझी एक रेघ चुकली, ती सगळ्यांनी एकसुरात सांगितली. मग श्वान-त्सांगने आमच्याबद्दल काय लिहिलंय ते सांगितलं. मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. “लाओश, तुम्ही लोक अजून तसेच आहात? सूड घ्यायच्या आधी कळवता?”

मी सुट्टीआधीच्या एकतीस वह्या टेबलावर ठेवल्या.

“शुक्रवारी चाचणी आहे,” मी म्हटलं. “प्रत्येकाला वेगळी प्रश्नपत्रिका.”