कालवा, गलका आणि गोंधळ

सांगलीच्या आपल्या शाळेत आमच्या वेळी मधल्या सुट्टीनंतरचा तास मराठीचा असे आणि सर 'काय कालवा लावलाय?' असे विचारतच वर्गात येत. एके दिवशी त्यांनी तोच शब्द फळ्यावर लिहून वाक्यात उपयोग करायला सांगितला, तेव्हा वर्गात दोन तट पडले. कारण पलूस-वाळव्याकडच्या मुलांना कालवा म्हटले की कराडजवळच्या खोडशीहून निघून त्यांच्या शिवारात येणारा कृष्णा कालवाच आठवे. अखेर त्यांच्यातल्याच एकाने 'कालव्याला पाणी सुटले म्हणून गावात कालवा झाला' असे वाक्य करून वाद मिटवला.

सरांच्या मते कालव्यात अनेकांची बोलणी अशी मिसळतात की कोण काय म्हणते ते उमगत नाही. एकट्या पोरालाही आई 'कालवा करू नकोस' म्हणते खरी, पण तेव्हा तो एकटाच चौघांइतका ओरडत असतो. गलका मात्र एकदम उडतो, हळदीच्या सौद्यात बोली चढली की उडतो तसा. गोंगाट यंत्रांचाही होतो. दंग्याला करणारा लागतो. कोलाहल हा शब्द आम्ही फक्त निबंधात वापरला.

सर सर्वांत जास्त रमले ते गोंधळात. आपल्याकडे लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात. गोंधळी चौक मांडतात, दिवटी पेटवतात, संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने तुळजापूरच्या भवानीला, कोल्हापूरच्या अंबाबाईला, जेजुरीच्या खंडोबाला 'गोंधळाला या' म्हणून बोलावतात. इतका रीतसर विधी आणि बेशिस्त या दोहोंना एकच शब्द, आणि क्रियापदही तेच, 'घालणे', हे ऐकून आम्ही चकित झालो होतो. (वर्गात आम्ही घालत होतो त्याला संबळाची साथ तेवढी नव्हती.) विधीचा गोंधळ कधी 'उडत' नाही, हेही सरांनीच दाखवून दिले.

पुढे मुद्रितशोधनाचे काम करताना हा भेद मला रोज उपयोगी पडला. 'सभेत गोंधळ उडाला' या वाक्यात कोणावर ठपका येत नाही; 'गोंधळ घातला' म्हटले की कोणी घातला हे सांगावे लागते, आणि बातमीत ते नाव नसेल तर मी मजकूर वार्ताहराकडे परत पाठवतो.