लेकीची क्वाड: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

लेक सात वर्षांची असताना मी तिच्यासाठी ४९ सीसीची टू-स्ट्रोक क्वाड, म्हणजे माळरानावर चालवायची जाड टायरांची चारचाकी छोटी गाडी, घेतली, वापरलेली. गेल्या दिवाळीत तिला बारा पूर्ण झाली आणि घरात ११० सीसीची फोर-स्ट्रोक आली. दोन्ही चिनी बनावटीच्या. दोन्ही आमच्या कराडजवळच्या माळावर चालल्या आणि दोन्हींची इंजिनं मी स्वतः उघडली. शेतघरासाठी किंवा कृषी पर्यटनासाठी लहान पोरांची गाडी घ्यायची म्हणून हल्ली बरेच जण विचारतात. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

आधी हे सांगितलं पाहिजे की टू-स्ट्रोकवर माझा जीव आहे. आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गॅरेज होतं. लुना, चेतक, पुढे आरएक्स-१००. शाळेतून आलो की मी सायलेन्सरमधला कार्बन खरवडायला बसायचो. जळलेल्या टूटी ऑइलचा (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचा) वास आला की मला अजून आण्णांची खाकी पँट आठवते. त्यामुळे लेकीची पहिली गाडी निवडताना मी फार विचार केलाच नाही. रस्सी ओढली, इंजिन सुरू झालं, निळसर धूर निघाला आणि मी पैसे दिले.

त्या इंजिनाच्या बाजूनं बोलायचं तर बोलण्यासारखं बरंच आहे. क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टनच वर-खाली होताना ब्लॉकमधली भोकं उघडतो आणि झाकतो. म्हणून इंजिन हलकं असतं आणि सगळी गाडीही हलकी होते. आमची ४९ सीसी मी एकटा उचलून टेम्पोत ठेवायचो. चाळीस किलोच्या आसपास असेल. ११० सीसी त्याच्या दुपटीहून जड आहे, तिला दोन माणसं लागतात. गाडी उलटून पोराच्या अंगावर आली तर हा फरक किती मोठा, ते वेगळं सांगायला नको. टू-स्ट्रोकच्या बाजूचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही.

पण लहान मूल गाडी कशी चालवतं ते माळावर उभं राहून बघा. क्वाडचा ॲक्सिलेटर अंगठ्यानं दाबायचा असतो. या छोट्या टू-स्ट्रोकला खालच्या फेऱ्यांत जोरच नसतो. सेंट्रिफ्यूगल क्लच, म्हणजे इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा क्लच, पकडायलाही इंजिन बरंच फिरावं लागतं. मूल थोडं दाबतं, गाडी हलत नाही. आणखी दाबतं, नुसता आवाज वाढतो. मग पूर्ण दाबतं, आणि त्याच क्षणी क्लच पकडतो, पॉवर येते आणि गाडी उडी मारते. माझी लेक तशीच एकदा बांधावर चढली. लागलं काही नाही, हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड होते. पण त्यानंतर आठ दिवस तिनं गाडीकडे पाहिलं नाही. आण्णा तिला सांगायचे, "पोरी, अंगठा हळू दाब की गं." ती हळूच दाबत होती. ते इंजिन हळू ऐकणारं नव्हतं.

दुसरी अडचण आयडलची, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता इंजिन नुसतं चालू राहण्याची. आरपीएम कमी ठेवला तर इंजिन बंद पडतं आणि सात वर्षांच्या मुलीला ती रस्सी ओढता येत नाही. वाढवला तर क्लच घासायला लागतो आणि ॲक्सिलेटर सोडूनही गाडी पुढं सरकत राहते. मी क्लचच्या स्प्रिंगा बदलल्या, कार्बोरेटरमधला स्लो जेट (आयडलला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) साफ केला. फरक पडला, पण पुरता नाही.

आणि आवाज. फुल्ल थ्रॉटलला ते इंजिन असं किंचाळतं की मी पन्नास फुटांवरून "थांब!" म्हणून ओरडलो तरी हेल्मेटमधल्या पोरीला काही ऐकू जात नाही. फोर-स्ट्रोकवर तिला माझं बोलणं ऐकू येतं. मला विचाराल तर निवड करायला हे एकच कारण पुरेसं आहे.

मिश्रणाचं दुखणं मात्र मीच ओढवून घेतलं. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं: २५ला १ म्हणजे लिटरभर पेट्रोलला ४० मिली ऑइल. मी वहीत लिहून ठेवायचो, औषधाच्या मापानं मोजायचो. पण दोन कॅन एकाच रंगाचे होते आणि वर काही लिहिलेलं नव्हतं. आमच्या वाटेकऱ्याच्या मुलानं आपुलकीनं टाकी भरून ठेवली, साध्या पेट्रोलनं. चूक माझी. दहा-बारा मिनिटांत इंजिन सीज झालं, म्हणजे पिस्टन आत जाम झाला. ब्लॉक काढला तर पिस्टनवर उभे ओरखडे आणि रिंगा चिकटलेल्या. नशिबानं तेव्हा सपाटीवर मी स्वतः चालवून बघत होतो.

उतारावर तर मिश्रण बरोबर असूनही धोका असतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की पेट्रोल तुटतं आणि त्याच्याबरोबर ऑइलही, पण क्लच सुटेपर्यंत इंजिन जोरात फिरतच असतं. खंबाटकी घाट उतरताना आण्णा चेतकवर मधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलेटर द्यायचे, ते याचसाठी. हे शहाणपण मोठ्या माणसाच्या हाताला येतं. सात वर्षांच्या पोरीला उतारावर "आता थोडा ॲक्सिलेटर दे" असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

फोर-स्ट्रोकचं इंजिन आडवं आहे, होंडाच्या १९५८च्या सुपर कबच्या घराण्यातलं. २०१७ साली त्या गाडीची संख्या दहा कोटींवर गेली. इतकी वर्षं घासूनपुसून तयार झालेली रचना आहे ती. ऑइल खाली वेगळं राहतं, टाकीत साधं पेट्रोल. अंगठा जेवढा दाबाल तेवढीच गाडी हलते. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की इंजिन स्वतः गाडीला धरून ठेवतं. बदल्यात ते थोडी शिस्त मागतं. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर बदला, त्यात धातूचा बारीक चुरा निघतो. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) फीलर गेजच्या पातळ पट्टीनं तपासा. टकटक ऐकू येईपर्यंत वाट बघू नका. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. हे टू-स्ट्रोकलाही तितकंच लागू आहे.

वजनाचा मुद्दा राहतोच. त्यासाठी मी अमेरिकेतले नियम वाचून काढले, कारण पोरांच्या क्वाडचा आणि अपघातांचा त्यांचा अनुभव मोठा आहे. १९८८ साली सरकार आणि कंपन्यांमध्ये जो समझोता झाला, त्यानुसार बाराच्या आतल्या मुलांना ७० सीसीच्या खालची आणि बारा ते पंधरा वयाला ९० सीसीपर्यंतची गाडी, असा हिशोब होता. २००८च्या कायद्यानं जी मानकं सक्तीची झाली, त्यांत सीसीऐवजी वेग धरतात. दहा वर्षांपुढच्या मुलांच्या गाडीला सुरुवातीला ताशी सुमारे २४ किलोमीटरची मर्यादा लावलेली असते. स्ट्रोक किती, हे त्या नियमात नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळाच्या आतल्या मुलांनी क्वाड चालवूच नये असं सांगते. बायकोनं ते वाचून माझ्यासमोर ठेवलं आणि आम्ही दोघं एक आठवडा त्यावर बोललो. गाडी दिली, पण आमच्या अटींवर: थ्रॉटलचा स्क्रू आत पिळून, मोबाइलच्या जीपीएसवर २४च्या वर जात नाही हे बघून, मनगटाला किल-स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी बांधून, मागे कुणालाही न बसवता आणि मी माळावर हजर असतानाच. पाणंद ओलांडून डांबरी रस्त्यावर एक फूटसुद्धा नाही. या गाड्यांना पासिंग नसतं, आणि अल्पवयीन मुलानं रस्त्यावर वाहन चालवलं तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

धाकट्या भावाचा मुलगा आता सहा वर्षांचा आहे आणि जुनी ४९ सीसी त्याला द्या म्हणून घरातून आग्रह होतोय. मी ती दिलेली नाही. ५० सीसीची फोर-स्ट्रोक मिळते का ते बघतोय, तोवर त्याच्याकडे सायकल आहे. ती जुनी गाडी आता टेबलावर असते. रविवारी लेक तिचा प्लग काढते, काळा पडलाय की चहाच्या रंगाचा आहे ते उजेडात धरून बघते आणि आजोबांना विचारते, "आण्णा, ऑइल जास्त झालं होतं ना?"