बिजली हळू चालते

घोडीचं नाव बिजली, चाल मात्र वरातीतल्या घोड्याची. आम्हाला तीच हवी असते.

दर शनिवारी साडेसातला गावाबाहेरच्या तबेल्यावर पोचतो. लेकाचे स्प्लिंट मी गाडीतच काढते. तो नऊ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही पाय कडक, उभं केलं की पायांची कात्री होते. रॅम्पवरून त्याला बिजलीवर बसवतो. खोगीर नाही, नुसता जाड नमदा आणि धरायला मूठ असलेला पट्टा. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा अंशभर गरम असतं, ती ऊब मांड्यांना लागते. पुढे लगाम धरून मोतद्दार चाचा, एका बाजूला फिजिओताई, दुसऱ्या बाजूला मी. माझा एक हात त्याच्या मांडीवर, एक घोट्यावर.

पहिल्या फेरीला मांडी लाकडासारखी असते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला टाच हळूच खाली येते. ताईंना ते दिसायच्या आधी माझ्या तळव्याला कळतं.

ताई सांगतात, घोडा चालताना त्याची पाठ पुढे-मागे होते, डावी-उजवीकडे झुकते, शिवाय थोडी वळतेही. आपण चालताना आपल्या कमरेचं जवळजवळ तसंच होतं. म्हणजे जी चाल याला पायांनी जमत नाही, ती बिजली त्याच्या कमरेला देते. दुडकी मात्र नाही. धक्के बसले की पाय आणखी आखडतात.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. आधी एका ठिकाणी गेलो होतो. तिथे खुब्यांचा एक्स-रे कुणी मागितलाच नाही. अशा मुलांचा खुबा सरकलेला असू शकतो, पाय फाकवून बसवण्याआधी तो बघायलाच हवा. त्यांनी व्हिडिओसाठी घोडा दुडकवला. पोरगं रडलं, दोन दिवस पाय सैल होईनात. (खुबे ठीक निघाले, पण ते नंतर कळलं.)

मध्यंतरी त्याला लिस हार्टेलची गोष्ट सांगितली. डेन्मार्कची बाई, १९४४ साली पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायांत जोर राहिला नाही, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याला ठरवून दिलेल्या चाली करायला लावण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक. चिरंजीवांचा प्रश्न एकच, "तिला घोड्यावर कोण चढवायचं?" म्हटलं, "चढायला-उतरायला माणसं लागायची." "मग ठीक आहे," म्हणाला.

सासूबाई सुरुवातीला विचारायच्या, "घोड्यावर बसून पोर चालायला लागणार आहे का गं?" नाही, आई. वॉकर आहेच, रोजचे व्यायामही आहेत. तबेल्यावरही कुणी तसं वचन दिलेलं नाही.

पण यंदा गणपतीत तो पाटावर बसला होता. दरवर्षी एक हात जमिनीला टेकलेला असतो, नाहीतर कलंडतो. म्हणून आरतीला त्याच्या वाट्याला टाळी नाही की झांज नाही. यंदा त्याने चुलतभावाच्या हातातून झांजा ओढून घेतल्या आणि 'सुखकर्ता' संपेपर्यंत दोन्ही हातांनी वाजवल्या.

ठेका साफ चुकत होता. सासूबाईंनी आरतीचं तबक तसंच धरून ठेवलं आणि पुढची आरती चढवली.