तुम्ही विचारलंत म्हणून: सेवा आणि प्रभू

चर्चच्या गायनमंडळाची जबाबदारी मी का सोडली, हे आमच्या मंडळीतले लोक मला अजूनही विचारतात. त्यामागे बहुतेकदा दुसराच प्रश्न दडलेला असतो, की देवाच्याच कामात मन गुंतले असेल, तर भक्ती चुकीच्या ठिकाणी गेली असे म्हणता येईल का? माझ्या मते येईल, आणि हे सांगताना मला नेहमी बायबलमधला तो पितळी साप आठवतो.

रानात सर्पदंशाने इस्राएल लोक मरू लागले तेव्हा देवाच्या आज्ञेवरूनच त्यांचा पुढारी मोशे याने तो घडवून खांबावर लावला, आणि दंश झालेला जो कोणी त्याच्याकडे पाही तो वाचे. पुढे कित्येक शतकांनी, इ.स.पू. ८व्या शतकात, यहूदाचा राजा हिज्कीया याने तोच साप फोडून टाकला, कारण इस्राएल लोक त्याच्यापुढे धूप जाळत होते (२ राजे १८:४). त्या सापामागे देवाची आज्ञा होती, मोशेचे हात होते, वाचलेल्यांची साक्ष होती. म्हणूनच इतकी वर्षे त्याला हात लावायचे धैर्य कोणाला झाले नसावे. मूर्तिपूजा म्हटले की आपल्याला पैसा आणि मानमरातब आठवतात, पण श्रद्धावंताच्या मनातली प्रभूची जागा प्रभूनेच दिलेल्या गोष्टी अधिक सहज बळकावतात, असे मला वाटते. करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या मंडळीत कोणी स्वतःला पौलाचा म्हणवत होता, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा, आणि हे तिघेही प्रभूचेच सेवक होते.

माझ्या बाबतीत ते गायन होते. वडील अंथरुणाला खिळले होते त्या वर्षीही आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मी सरावाला जात असे. “आज थांबशील का?” असे ते एकदाच म्हणाले. प्रभूची सेवा आहे, चुकवता येणार नाही, असे मी उत्तर दिले, आणि ते मला तेव्हा अगदी खरे वाटत होते. त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. पुढे मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायावर पाठ घेण्याची तयारी करताना मी ‘कुर्बान’ या शब्दापाशी थांबले. आईवडिलांना ज्याचा उपयोग व्हायचा ते देवाला अर्पण केले आहे, एवढे म्हटले की मुलगा त्यांच्या जबाबदारीतून सुटे, आणि असे करणारे देवाचे वचन रद्द करतात, असे येशू परूशांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, स्पष्ट सांगतो. तोवर वडील जाऊन चार महिने झाले होते.

भक्ती कुठे जडली आहे हे ओळखण्यासाठी मी आता भावनांवर विसंबत नाही, कारण उपासनेत माझे डोळे तेव्हाही भरून येत. ही सेवा उद्या दुसऱ्या कोणाकडे दिली तर मला नुसते वाईट वाटेल की मी संतापेन, आणि तिच्यापायी घरी कोण वाट पाहत बसले आहे, एवढे मी स्वतःला विचारते. वेदीपाशी नेलेले अर्पणसुद्धा तसेच ठेवून आधी भावाशी समेट कर, असे सांगणाऱ्या प्रभूला (मत्तय ५:२३-२४) माझा एखादा सराव चुकल्याने काही उणे पडले नसते.

सेवाच सोडावी, असे मात्र मी कोणालाही सांगत नाही. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिस शहरातल्या मंडळीचे श्रम आणि धीर प्रभू नाकारत नाही. खोट्या प्रेषितांची तिने केलेली पारखही तो मान्य करतो. तिने पहिली प्रीती सोडली एवढाच त्याचा आक्षेप आहे, आणि उपाय म्हणून तो तिला पश्चात्ताप करून आपली पहिली कृत्ये पुन्हा करायला सांगतो. माझी पहिली कृत्ये कोणती होती, हे आठवायला मला बराच वेळ लागला. गायनमंडळात येण्यापूर्वी मी आजारी लोकांच्या घरी जाऊन त्यांना स्तोत्रे वाचून दाखवत असे. सरावाच्या त्या तीन संध्याकाळींपैकी दोन आता तिकडे जातात, आणि तिसऱ्या संध्याकाळी मी आईपाशी बसते.