उगाच

काच फुटली तेव्हा मी पुस्तकात बघत होतो. डिसेंबरातला गुरुवार, मधल्या सुट्टीनंतरचा पाचवा तास, नववी ब. प्रकट वाचन चालू होतं. खिडकीकडच्या रांगेतून एकेक जण उठून परिच्छेद वाचत होता. चौथ्या बाकावरची मुलगी संपवत आली आणि पाचव्या बाकावरून पत्र्याची कंपासपेटी सुटली. खिडकीवर आदळली, आणि काचेचा तुकडा तिथं बसलेल्या पोराच्या दंडात घुसला.

शिपाईमामांनी रुमाल बांधला, पीटीच्या सरांनी गाडीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले. पेटी फेकणारा जागेवरच उभा होता.

"का फेकलीस?"

"उगाच."

त्याचं नाव लिहीत नाही. वडील दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत औषध फवारायचा ब्लोअर चालवतात, आई डिपिंगच्या, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायच्या टोळीत जाते. आमच्या तासगाव तालुक्यात ऑक्टोबर छाटणीनंतरचे दोन-अडीच महिने असली माणसं तांबडं फुटायच्या आत घराबाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी वडील आले ते अंगाला औषधाचा वास घेऊनच. खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत. "सर, चामडी लोळवा त्याची. आमी काय इचारायला येणार नाय." मी म्हटलं, आता मारता येत नाही, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंदी आहे. "मग सुधरायची कशी ओ पोरं?" हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्येही निघतो, फक्त आवाज खाली करून.

टाके पडलेल्या मुलाची आई त्याच्या आधी येऊन गेली होती. "डोळ्यात गेली असती तर?" एवढंच विचारलं तिनं. मला उत्तर देता आलं नाही.

स्टाफरूमचं मत पडलं: दाखला हातावर ठेवा. कायद्यातलं शाळेतून न काढण्याचं कवच आठवी पूर्ण होईपर्यंतचं, हे आमच्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. म्हणून तर नववी ही आमची चाळणी. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची पोरं इथंच गाळायची आणि पालकांना गोड बोलून सतरा नंबरच्या फॉर्मचा रस्ता दाखवायचा. बाहेरून बसा, पास झालात तर तुमचं, नापास झालात तर आमच्या खात्यात नाही. मीही दोघातिघांना तो रस्ता दाखवलाय, खोटं कशाला बोलू.

हेडसर म्हणाले, "जूनपासूनच्या सगळ्या तक्रारी तारीखवार काढा. शनिवारी शाळा सुटल्यावर बसू." शुक्रवारी संध्याकाळी मी शेरेवही घेऊन बसलो. मनात एवढंच होतं की यादी भक्कम झाली पाहिजे, वडिलांना बोलायला जागा राहता कामा नये.

१४ नोंदी निघाल्या. बाकावर ठेका धरला. कुत्र्याचा आवाज काढला. पुढच्या मुलीच्या वेणीला रिबिनीनं बाक बांधलं. सरांना उलट बोलला. शेवटी प्रत्येक ठिकाणी तेच: 'वर्गाबाहेर उभे केले.' सवयीनं मी समोर तास लिहीत गेलो. मराठी ६, हिंदी ४, इतिहास ३. एक मारामारी तेवढी मधल्या सुट्टीतली. गणिताच्या तासाची एकही नाही. विज्ञानाची नाही, पीटीची नाही. गणिताच्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तो? तोंडी हिशेबात पहिला हात त्याचाच. मला कधी त्रास नाही ओ." मराठी, हिंदी, इतिहास. आम्ही तिघंही वर्गात पाळीनं वाचायला लावणारे.

मग त्याची वही काढली. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं जसंच्या तसं, माझ्या हातून राहिलेल्या एका वेलांटीच्या चुकीसकट. खाली माझीच सही आणि 'सुंदर!'

शनिवारची शाळा सकाळची. त्याला सव्वासहाला बोलावलं. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. आधी पुस्तकातली कविता दिली, घडाघडा म्हणाला. पान बदललं तरी नजर हलली नव्हती. मग वर्तमानपत्रातली दोन ओळींची बातमी पुढं ठेवली. त्यानं बोट ठेवलं. 'कारखान्याच्या' या शब्दाखाली ते बोट थांबलं. "का... काका..." मग माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, बरोबर आलं का ते तिथं वाचायला. पुन्हा बोट. 'न्या'पाशी आल्यावर कपाळाला घाम. डिसेंबरात, त्या वेळी, आमच्याकडं स्वेटर घालून बसतात. पेपर हातानं बाजूला ढकलला आणि म्हणाला, "बाहेर उभारू का सर?"

हे ऐकलं आणि १४ नोंदी डोळ्यापुढून गेल्या. आपली पाळी येण्याच्या एक बाक आधी काहीतरी करायचं, की सर बाहेर काढतात, की वाचायचं टळतं. दर वेळी मी त्याला हवं ते दिलं होतं, वर शिक्षा केल्याचं समाधानही घेतलं होतं. गुरुवारी पेटी आवाजापुरती भिंतीवर मारायची होती, म्हणाला, हात चुकला. या एका गोष्टीवर माझा आजही पूर्ण विश्वास नाही.

"घरी वडिलांना फवारणीची औषधं कोण काढून देतं?" मी सहज विचारलं. "मीच की." "डब्यावरचं वाचतोस?" "त्रिकोणाचा रंग बघायचा. लाल लई जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा. बाकी टोपणावरनं कळतंय."

दुपारच्या बैठकीत मी यादी ठेवली, पण समोर तासांचा रकाना घालून. हेडसर बराच वेळ गप्प राहिले. दाखला टळला. काचेचे आणि टाक्यांचे पैसे वडिलांनी भरले. आई मुलाला घेऊन त्या घरी गेली, माफी मागितली. त्या बाईनं पाणी दिलं, चहा दिला नाही. ते मला रास्त वाटलं. त्या पोराचा हात बरा होईपर्यंत सायकलवरून त्याचं दप्तर यानं न्यायचं ठरलं. हे दोघांनीच ठरवलं, आमचा सल्ला नव्हता.

आमच्याकडून तीन गोष्टी. न सांगता त्याला कुणी वाचायला उठवायचं नाही. आदल्या दिवशी चार ओळींवर खूण करून द्यायची. फारच घुसमटलं तर पेन बाकावर आडवं ठेवायचं, म्हणजे मी खडू आणायला पाठवतो. आणि शाळेआधी अर्धा तास माझ्याकडं. दुसरीचं पुस्तक दिलं तर ते त्यानं दप्तरात लपवलं. म्हणून आम्ही कीटकनाशकांच्या डब्यांवरचे कागद वाचतो, एसटीच्या पाट्या वाचतो. 'कवठेमहांकाळ' वाचायला नऊ दिवस लागले. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनी प्राथमिक चाचणी घेतली, अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं अवघड जाण्याची, शक्यता लिहिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळेल. "लेबल लागतंय ओ पोराला," वडील म्हणाले. त्यांची समजूत अजून पुरती पटलेली नाही.

फेब्रुवारीत बदली शिक्षकांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याला उठवलं, त्यानं पुस्तक टराटरा फाडलं. इतिहासाचे सर मला म्हणाले, "झाले लाड करून?"

हेडसरांनी यंदा शेरेवही नवी छापून घेतली. माझ्या सांगण्यावरून एक रकाना वाढवला: 'त्याआधी वर्गात काय चालू होते?' पहिला आठवडा झाल्यावर मी ती उघडली. ११ नोंदी, पाच शिक्षक, आणि सात ठिकाणी त्या रकान्यात एकच शब्द. 'उगाच'. त्यातल्या दोन नोंदी माझ्या हातच्या होत्या.