उधारीचा थकवा

उद्योजकाने दमून जाऊ नये म्हणून त्याला जे सल्ले दिले जातात, ते बहुतेक कारखान्याच्या फाटकाबाहेरचे असतात. पहाटे कमाटीबागेत फिरायला जा, रविवारी फोन बंद ठेवा, प्राणायाम करा, वर्षातून एकदा थंड हवेच्या ठिकाणी जाऊन या. यांत वाईट काहीच नाही; कमाटीबागेत मीही नेमाने फिरतो. पण बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत विजेचे कंट्रोल पॅनेल बनवणारा लहानसा कारखाना बरीच वर्षे चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की आमच्यासारख्यांना आतून पोखरणारा थकवा कामाच्या ढिगापेक्षा दोन गोष्टींतून अधिक येतो: पुरे करून दिलेल्या कामाचे न आलेले पैसे आणि मालकावाचून पुढे न सरकणारे निर्णय. या दोन्हींचा बंदोबस्त कारखान्यातच करावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित अवस्था म्हणून, आणि तिची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काम नीट होईनासे होणे. पहिले लक्षण कोणालाही कळते. दुसरे मालकाला फार उशिरा कळते, कारण वरून ती साधी चिडचिड वाटते. जुन्या, भल्या ग्राहकाचे नाव फोनवर उमटले तरी ‘आता याला काय हवे’ असे मनात येते. तिसरे कोटेशनच्या कागदावर चुकांच्या रूपाने दिसते.

तासांचा प्रश्न खोटा आहे, असे मात्र नव्हे. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसोबत २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. सकाळी नऊ ते रात्री आठ, आठवड्याचे सहा दिवस, एवढ्यानेच ६६ तास भरतात. तरीही मला असे दिसते, की ऑर्डरी भरपूर असलेल्या महिन्यात अंग दुखते पण झोप लागते, आणि काम थोडे व येणे मोठे अशा महिन्यात लवकर घरी येऊनही छताकडे पाहत पडून राहावे लागते.

याचे कारण धंद्याच्या रचनेत आहे. पॅनेलसाठी लागणारी तांब्याची पट्टी आणि स्विचगियर बहुधा रोखीने किंवा अगदी थोड्या मुदतीवर घ्यावे लागते. पत्र्याचे काम, पावडर कोटिंग, वायरिंग, तपासणी यांत आठवडे जातात. माल गेल्यावर बिल फाडले, की जीएसटीची जबाबदारी सुरू होते, आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला खरेदीवरचा कर वजा करून उरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावी लागते, ग्राहकाने एक रुपया दिलेला नसला तरीही. उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के व्याज. वर दहा टक्के रक्कम ग्राहक रिटेन्शन म्हणून, यंत्रणा चालू होईपर्यंत किंवा हमीचा काळ संपेपर्यंत अडकवून ठेवतो. थोडक्यात, मोठ्या ग्राहकाला लहान कारखानदार बिनव्याजी कर्ज देतो आणि स्वतः बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज भरतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात आणखी एक तरतूद घातली, की अशी मुदत ओलांडलेली देणी प्रत्यक्ष चुकती केल्याशिवाय खरेदीदाराला तो खर्च वजावट म्हणून दाखवता येत नाही. पहिल्या तरतुदीपेक्षा या दुसरीचा धाक मोठा, असे माझे निरीक्षण आहे. व्याज मागायला, अशा तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे कोण जाणार? ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, पुढची ऑर्डरही त्याच्याचकडून यायची असते. पण मार्च जवळ आला, की त्याच ग्राहकाचा सीए आपण होऊन आमचा उद्यम क्रमांक, म्हणजे लघुउद्योग म्हणून असलेला सरकारी नोंदणी क्रमांक, विचारतो.

म्हणून आम्ही तो क्रमांक आणि ४५ दिवसांची अट कोटेशनपासून बिलापर्यंत प्रत्येक कागदावर छापतो, तांब्याच्या किमतीइतकी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय पट्टी कापत नाही, आणि कोणताही एक ग्राहक एकूण उलाढालीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जाऊ देत नाही. वसुलीचे फोन मी करत नाही. दर मंगळवारी सकाळी आमच्या हिशेब पाहणाऱ्या ताई यादी घेऊन बसतात. समोरून ‘बेन, आवता अठवाडिये थई जशे’ (ताई, पुढच्या आठवड्यात होऊन जाईल) असे उत्तर आले, की त्या शांतपणे वार आणि तारीख विचारतात, यादीत लिहितात आणि त्या तारखेला पुन्हा फोन करतात. त्यांना त्यात अपमान वाटत नाही. मला वाटायचा, आणि दिवसाची निम्मी शक्ती तिथेच जायची.

निर्णयांचे तसेच. दुपारी बँकेत बसलेले असताना ‘शेठ, ग्लँड २५ चा लावू की ३२ चा?’ असा फोन येणे हे जबाबदारीचे नव्हे, अव्यवस्थेचे लक्षण आहे. केबल पॅनेलमध्ये शिरते तिथे तिला घट्ट धरणाऱ्या ग्लँडचा, केबलच्या जाडीप्रमाणे केलेला तक्ता आता भिंतीवर आहे, ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी फोरमन करतो, आणि तारांच्या टोकांवरच्या फेरूलचे नंबर जुळल्याची व मेगरने इन्सुलेशन तपासल्याची सही झाल्याशिवाय पॅनेल हलत नाही. ती सही माझी नसते.

बडोद्याच्या मराठी उद्योजकाची एक अडचण मात्र तक्त्याने सुटत नाही. आमची बहुतेक घराणी गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी इथे आली आणि पुढेही नोकरीतच राहिली. गुजराती मित्राच्या घरी काका, मामा, सासरे यांपैकी कोणीतरी धंद्यात असतोच आणि जेवताना उधारीची गोष्ट सहज निघते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पगार न झालेला महिना ही उच्चारू नये अशी बाब असते. ही मुकी ओढाताण कामापेक्षा जास्त दमवते. आम्ही तीन-चार कारखानदार अधूनमधून रविवारी सेव-उसळ खायला भेटतो आणि एकमेकांना आपापले येणे-देणे आकड्यांसह सांगतो. त्यातूनच मालकाने स्वतःला ठरावीक पगार घ्यावा ही गोष्ट माझ्या गळी उतरली. तो पगार सुरू झाल्यापासून घरातले प्रश्नही कमी झाले. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर मित्रही पुरत नाहीत. डॉक्टरांकडे जावे, किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ती विनामूल्य आणि अहोरात्र चालते.

सुट्टीच्या बाबतीत या शहराची रीत मला कोणत्याही सल्ल्यापेक्षा शहाणी वाटते. दिवाळीला चोपडापूजन, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची पूजा, झाले, की लाभपंचमीपर्यंत शटर खाली, आणि उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, दोन दिवस सारे पतंग घेऊन गच्चीवर. तेव्हा ग्राहक आणि पुरवठादारही बंद असल्याने मनाला टोचणी लागत नाही.

सध्या एका मोठ्या प्रकल्पाची चौकशी आलेली आहे. दर चांगला आहे, पण रिटेन्शन दोन वर्षांचे आणि आगाऊ रक्कम शून्य. मी तांब्यापुरती आगाऊ रक्कम मागितली आहे आणि उत्तर आलेले नाही. तोवर फोरमनने त्या जागेत दोन लहान ऑर्डरी लावून टाकल्या आहेत.